प्रेस शॉपमधील एक अपघात आणि त्यानंतरचे निर्णय : भोसरीतील एका लघुउद्योगाचा प्रकरण अभ्यास

कामगारकल्याणाचा विषय निघाला की पुण्यात नजर आपोआप मोठ्या कारखान्यांकडे वळते. पिंपरी, आकुर्डी, चाकण येथील मोठ्या कंपन्यांची उपाहारगृहे, त्यांच्या बसगाड्या, प्रशिक्षणशाळा आणि वेतनकरार यांविषयी वर्तमानपत्रांत लिहून येते. त्या कंपन्यांच्या गाड्यांत बसणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, बिजागऱ्या आणि वॉशर मात्र मोठ्या प्रमाणावर भोसरी, तळवडे, चिखली येथील पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतात आणि तेथे काम करणाऱ्या माणसाच्या कल्याणाची चर्चा सहसा अपघातानंतरच सुरू होते. हे प्रकरण अशाच एका प्रेस शॉपचे, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्याचे आहे. कारखाना आणि त्यातील माणसे अभ्यासासाठी रचलेली आहेत. कायद्यातील तरतुदी, भरपाईचे दर आणि यंत्रांविषयीची माहिती मात्र खरी आहे. कामगाराचे कल्याण यंत्राच्या रचनेत, मजुरीच्या सूत्रात आणि हजेरीपटावर कोणाचे नाव आहे यात ठरते, बाकीच्या योजना त्यानंतर येतात, असे माझे मत आहे आणि ते या प्रकरणाच्या आधारे तपासून पाहायचे आहे.

कारखाना

भोसरी एमआयडीसीतील हा कारखाना दुचाकी आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना पत्र्याचे दाबकाम करून देतो, म्हणजे वाहन कंपनीच्या दृष्टीने तो दुसऱ्या फळीतील पुरवठादार आहे. संस्थापक पिंपरीतील एका मोठ्या कारखान्यात टूलमेकर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर होते. नोकरी सोडून त्यांनी दोन जुन्या प्रेसवर स्वतःचा धंदा उभा केला. आता कारभार त्यांची मुलगी पाहते. एकूण माणसे सुमारे ११०. त्यांतील ३८ कारखान्याच्या पटावर, उरलेले दोन ठेकेदारांकडून आलेले. प्रेस २२, त्यांतील बहुतेक पिन क्लचच्या, पायाच्या पॅडलवर चालणाऱ्या.

कल्याणाच्या नावाने येथे काहीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई, दिवाळीला बोनस आणि मिठाईचा पुडा मिळे, वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचे शिबिर भरे, २१ जूनला योगासने होत. गणवेश आणि सुरक्षा बूट दिले जात. शेठ, म्हणजे संस्थापक, स्वतः कामगारांच्या घरच्या लग्नकार्याला जात आणि अडीअडचणीला उचल देत, हे कामगारही मान्य करत. परंतु शिबिर आणि उचल पटावरच्या माणसांपुरती होती. ठेक्याच्या माणसाला मिठाईचा पुडा मिळे, बूट मात्र ठेकेदाराने द्यायचे असत आणि ते क्वचितच मिळत.

बुधवारची दुसरी पाळी

भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बुधवारी दुसऱ्या पाळीत माल संपवून गाडी भरण्याची घाई असते. त्या दिवशी चाकणच्या ग्राहकाचा माल अडकला होता. पन्नास टनी प्रेसवरचा ऑपरेटर आला नव्हता. सुपरवायझरने औसा तालुक्यातून आलेल्या, हेल्पर म्हणून नोंद असलेल्या विशीतल्या मुलाला यंत्रावर बसवले. त्याने यापूर्वी ऑपरेटर जेवायला गेल्यावर अधूनमधून प्रेस चालवली होती, एवढाच त्याचा अनुभव.

डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नवी होती. तिच्यात पत्र्याचा तुकडा हाताने ठेवायचा, पॅडल दाबायचे, वाकलेला भाग चिमट्याने काढायचा, असे काम होते. जुन्या डायसाठी बनवलेला पुढचा गार्ड (हात आत जाऊ न देणारा आडोसा) या डायवर बसत नव्हता, म्हणून तो काढून रॅकमागे ठेवलेला होता. चिमटा होता, पण चिमट्याने भाग काढायला वेळ लागतो आणि पाळीचे उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर मिळणारा इन्सेंटिव्ह नगावर होता, त्यामुळे अनुभवी ऑपरेटरही हात घालत. रात्री नऊच्या सुमारास मुलाने एकदा पॅडल दाबून पाय काढला, भाग काढण्यासाठी हात आत नेला आणि प्रेस पॅडल न दाबता दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर गेले.

प्रेस डबल मारते ही गोष्ट शॉपमध्ये आदल्या आठवड्यापासून माहीत होती. यंत्रावर डाय बसवणाऱ्या सेटरने, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ती सुपरवायझरला तोंडी सांगितली होती. क्लचची पिन आणि तिची स्प्रिंग झिजली की असे होते. बदलायला अर्धा दिवस यंत्र बंद ठेवावे लागले असते. देखभालीच्या वहीत त्या आठवड्याच्या प्रत्येक दिवसापुढे ‘ओके’ लिहिलेले होते आणि ते एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसत होते.

पहिले चोवीस तास

मुलाला जवळच्या खासगी रुग्णालयात नेण्यात आले. तेथेच ठेकेदाराने मालकीणबाईंना, म्हणजे संस्थापकांच्या मुलीला, दोन गोष्टी सांगितल्या. मुलाचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक अजून काढलेला नाही, आणि अपघात खोलीवर झाला असे लिहून घेतले तर प्रकरण शांतपणे मिटेल. मुलाच्या वडिलांना काही रक्कम देऊन गावी पाठवता येईल.

हा सल्ला या धंद्यात नवा नाही. वाहन उद्योगातील जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या अहवालांत हेच वारंवार नोंदवलेले आहे, की अनेक कामगारांना त्यांचे ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यानंतरच मिळते. एरवी कार्ड काढले जात नाही, कारण काढले की दरमहा वेतनाच्या ३.२५ टक्के मालकाचा आणि ०.७५ टक्के कामगाराचा हप्ता भरावा लागतो आणि ठेकेदाराचा नफा प्रामुख्याने अशाच बचतीतून येतो.

मालकीणबाईंनी सल्ला नाकारला. त्यामागे माणुसकी होती, तशी कायद्याची जाणीवही होती, आणि दोन्ही एकत्र असण्यात काही गैर नाही. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ नुसार (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे) ठेकेदारामार्फत आलेला, कारखान्याच्या आवारात कारखान्याचे काम करणारा माणूस हाही ‘कर्मचारी’ असतो आणि त्याचा हप्ता भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते. नंतर तो ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. कामावरील इजेसाठी किती महिने हप्ता भरला अशी अटही नाही, विमापात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो. कारखान्याने मुलाची खरी रुजू तारीख दाखवून नोंदणी केली, मागील हप्ते व्याजासह भरले आणि अपघाताची सूचना ईएसआय महामंडळाला व औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला दिली. खरी तारीख दाखवल्याने विलंबाचा दंड ओढवला. अपघाताच्या दिवशीचीच तारीख टाकली असती तर तो टळला असता, आणि अनेक ठिकाणी तो तसाच टाळला जातो. पुढील उपचार चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयात झाले.

या नोंदणीने मुलाला काय मिळाले, हे आकड्यांत पाहिले पाहिजे. काम करता न येण्याच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. कायमच्या अपंगत्वासाठी कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाचा, प्रत्येक पेराचा दर ठरलेला आहे : तर्जनीची दोन पेरे गेली तर कमाईच्या क्षमतेतील घट ११ टक्के, मधल्या बोटाचे एक पेर गेले तर ७ टक्के. एकूण १८. महिना १५,००० रुपये म्हणजे दिवसाला ५०० रुपये वेतन धरले, तर त्याच्या ९० टक्के म्हणजे ४५० रुपये आणि त्याचे १८ टक्के म्हणजे दिवसाला ८१ रुपये. महिन्याला साधारण २,४३० रुपये, आयुष्यभर. रक्कम अपुरी आहे यात शंका नाही. परंतु ठेकेदार जी एकरकमी रक्कम सुचवत होता ती काही महिन्यांत संपली असती, आणि विशीतल्या माणसासाठी आयुष्यभर येणारे निवृत्तिवेतन आणि एकदाच हातावर ठेवलेले पैसे यांतील अंतर फार मोठे असते. हे गणित मुलाच्या वडिलांना कोणीतरी बसून समजावून सांगणे हेसुद्धा कल्याणकार्यच आहे, आणि या प्रकरणात ते कारखान्याच्या हिशेबनीसांनी केले.

कारण कोठे शोधायचे

सुपरवायझरच्या पहिल्या अहवालात कारण एका ओळीत होते : कामगाराचा निष्काळजीपणा. असा शेरा एकदा लिहिला की पुढे उपाय म्हणून फक्त प्रशिक्षणाची फीत आणि भिंतीवरचा फलक उरतो.

मालकीणबाईंनी तो अहवाल परत केला आणि चौकशीला सेटर मामा, त्या यंत्रावरचा नेहमीचा ऑपरेटर, देखभालीचा फिटर आणि ठेक्यावरचे दोन हेल्पर यांना बसवले. ठेक्याच्या माणसांना चौकशीत बसवणे कायमच्या कामगारांच्या काही प्रतिनिधींना रुचले नाही, पण खरी माहिती त्यांच्याकडूनच आली. गार्ड का काढला होता, तर डाय बनवताना गार्डचा विचारच झाला नव्हता. साचे बनवणाऱ्या टूलरूमला ग्राहकाचे चित्र मिळते, त्यात भागाची मापे असतात. भाग ठेवणारा हात कोठून जाणार हे त्या चित्रात नसते. चिमटा का वापरला नाही, तर नगावरच्या इन्सेंटिव्हमुळे. प्रेस डबल मारते हे माहीत असून थांबवली का नाही, तर थांबवण्याचा अधिकार सुपरवायझरला होता आणि सुपरवायझरचे मूल्यमापन गाडी वेळेवर सुटली की नाही यावर होते. हेल्पर प्रेसवर का बसला, तर कोण कोणते यंत्र चालवू शकतो हे दाखवणाऱ्या स्किल मॅट्रिक्सच्या फलकावर ठेक्याच्या माणसांची नावेच नव्हती. तो फलक ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी भरला जाई, हे सांगायला कोणीही कचरले नाही.

यांतील प्रत्येक उत्तर मुलाच्या वागण्यापासून दूर आणि व्यवस्थापनाच्या निर्णयाच्या जवळ जाते. कारखाने अधिनियमात १९८७ साली, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, ताबेदारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्यावर, कामगाराच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण कर्तव्य घालणारे कलम ‘७-अ’ आले, त्यामागचा विचार हाच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ने घेतली असली तरी हे कर्तव्य तसेच आहे.

यंत्रावरचा वाद

अपघातानंतर पंधरवड्यात लाइट कर्टन विकणारे दोन विक्रेते येऊन गेले. प्रेससमोर अदृश्य प्रकाशकिरणांचा पडदा लावायचा, हात आत गेला की यंत्र थांबते. खर्च परवडणारा, बसवायला एक दिवस. मालकीणबाई सगळ्या २२ प्रेसना पडदे लावायला तयार झाल्या होत्या. मामांनी विरोध केला. सुरुवातीला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला, पण त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अचूक होते आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्यावरच उभा राहिला.

पिन क्लचच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असते. पॅडल दाबले की पिन आत जाते, फ्लायव्हील आणि प्रेस वरखाली करणारा क्रँकशाफ्ट जोडले जातात, आणि मग पूर्ण एक फेरा होईपर्यंत ती प्रेस थांबवता येत नाही. पडद्याने हात पाहिला तरी सांगणार कोणाला? थांबण्याची यंत्रणाच नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन लावणे म्हणजे कामगाराला खोटा भरवसा देणे. परदेशांतील सुरक्षा नियमांत ते स्पष्टपणे वर्ज्य आहे.

दोन हातांची बटणे हा दुसरा पर्याय होता. दोन्ही हात बटणांवर असले तर ते डायमध्ये असू शकत नाहीत, ही कल्पना बरोबर आहे. परंतु बटण सोडून हात डायपर्यंत पोचायच्या आत स्ट्रोक संपला पाहिजे. हाताचा वेग हिशेबासाठी सेकंदाला १.६ मीटर धरतात. मिनिटाला ६० स्ट्रोक मारणाऱ्या आणि फेऱ्यात एकाच जागी पिन अडकणाऱ्या प्रेसमध्ये बटण दाबल्यापासून डाय मिटेपर्यंत वाईटात वाईट दीड सेकंद लागू शकतो : पिन अडकण्याची वाट पाहण्यात एक फेरा आणि खाली येण्यात अर्धा. दीड गुणिले १.६ म्हणजे २.४ मीटर. बटणे डायपासून एवढ्या अंतरावर ठेवली तर ऑपरेटरला प्रत्येक नगासाठी मागे-पुढे चालावे लागेल. जवळ ठेवली तर ती शोभेची. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा, क्लच-ब्रेक असलेली प्रेस मात्र मध्येच थांबते, ती ०.२ सेकंदात थांबत असेल तर हिशेबाचे अंतर ३२ सेंटिमीटरवर येते, त्यात थोडी भर घालून पडदा बसवता येतो, फक्त ब्रेक झिजतो म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने पुन्हा मोजावा लागतो.

हा हिशेब टूलरूमच्या फळ्यावर खडूने मांडला गेला आणि निर्णय यंत्रानुसार वेगवेगळे झाले. ज्या डायमध्ये पट्टी सरकवून काम होते तेथे पट्टी जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवून पक्के गार्ड बसवले. हाताने तुकडा ठेवायच्या कामासाठी बाहेर ओढता येणारी सरकती ट्रे आणि दार मिटल्याशिवाय पिन सुटणार नाही असे इंटरलॉक गार्ड केले. मोठ्या टनाच्या प्रेसना टप्प्याटप्प्याने न्यूमॅटिक क्लच आणि त्यावर लाइट कर्टन. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या डायच्या चित्रावर गार्डचे चित्रही असले पाहिजे आणि त्यावर सेटरची सही असल्याशिवाय डाय शॉपमध्ये येणार नाही, असा नियम झाला. मला या सगळ्यात ही सही सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याला माहीत होते त्याच्या हातात प्रथमच अधिकार आला.

सर्वांत जुन्या प्रेसचे काय करायचे हा प्रश्न उरला. त्या विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार होते. पण ती यंत्रे दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये गार्डशिवाय चालणार, हे उघड होते. मालकीणबाईंनी त्या तोडून भंगारात दिल्या. वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांतील एका प्रेसवरच धंदा सुरू झाला होता.

मजुरी आणि हजेरीपट

यंत्रे बदलल्यावर नग कमी निघू लागले आणि पहिली नाराजी कामगारांकडूनच आली. हे साहजिक होते. नगावरचा इन्सेंटिव्ह हा त्यांच्या खोलीभाड्याचा भाग होता. लांडेवाडीत चौघे-पाचजण एका खोलीत राहून उरलेले पैसे गावी पाठवणाऱ्या माणसाला सुरक्षेसाठी महिन्याला हजार-दोन हजार सोडा असे सांगणे, ही सुरक्षेची किंमत त्याच्याकडूनच वसूल करणे झाले असते. म्हणून नगावरचा इन्सेंटिव्ह बंद करताना त्याची मागील वर्षाची सरासरी मूळ वेतनात मिळवली आणि वरची रक्कम पूर्ण गटाच्या निर्दोष मालावर ठेवली. यंत्र बिघडले म्हणून कोणी थांबवले तर त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही, हे लेखी दिले. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने आणि सर्वांना, ठेक्याच्या माणसांनाही. दुप्पट दर खरोखर द्यायला लागला तेव्हा ओव्हरटाइमच कमी झाला, कारण नियोजन नीट करणे आता स्वस्त पडू लागले होते.

ठेक्याचा प्रश्न याहून कठीण. प्रेस, वेल्डिंग आणि तपासणी या कामांवर यापुढे ठेक्याचा माणूस ठेवायचा नाही आणि तेथे असलेल्यांना टप्प्याने पटावर घ्यायचे, असे ठरले. पॅकिंग, चढउतार आणि साफसफाई ठेक्यावरच राहिली. ती तशी राहावी असे मला वाटत नाही, परंतु कारखान्याच्या हिशेबात त्या वर्षी त्याहून अधिक बसत नव्हते हेही खरे आहे. ठेक्यावर उरलेल्यांसाठी एक नियम पक्का झाला : ईएसआयचे कार्ड आणि नियुक्तिपत्र हातात असल्याशिवाय कोणी गेटच्या आत येणार नाही. ठेकेदारांपैकी एकाने काम सोडले.

खर्चाचा बोजा ग्राहकाने उचलला नाही. दर वाढवून मागितल्यावर उत्तर मिळाले की दर तोच, आणि दरवर्षीची ठरलेली कपातही लागू. येथे वाहन उद्योगाला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक केले आहे आणि त्यात पुरवठा साखळीविषयीचे प्रश्नही आहेत. परंतु जोवर खरेदी विभाग पैसे-पैसे दर खाली ओढतो आणि गुणवत्ता विभाग फक्त भागाची मापे तपासतो, तोवर पुरवठादाराच्या शेडमधील गार्डचा खर्च कोणाच्याच हिशेबात येत नाही.

मुलाचे परतणे

चार महिन्यांनी मुलगा कामावर आला. त्याला गेटवर बसवावे, हलके काम द्यावे, असे सगळ्यांनी सद्भावनेने ठरवले होते. त्याने नकार दिला. गावी बारावी झालेल्या मुलाला वॉचमन म्हणून बसवले तर पुढे काय, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचे धाडस त्याने केले म्हणून पुढची सगळी योजना आकाराला आली. त्याला टूलरूम शिकायची होती.

सुरुवात तपासणीच्या टेबलावर झाली. व्हर्नियर ही मोजमापाची सरकती पट्टी उजव्या हातात धरून अंगठ्याने सरकवायची असते. त्याने अनामिका आणि करंगळी यांच्या पकडीत ती धरण्याची सवय केली, आणि काही गेज मामांनी त्याच्यासाठी लाकडी मुठीचे करून दिले. मोजमाप, चित्र वाचणे, मग डायची साफसफाई आणि जोडणी, असे वर्षभर चालले. त्याच्यासाठी केलेला क्रम लिहून काढला तेव्हा लक्षात आले की कारखान्यात असा क्रम कोणासाठीच लिहिलेला नव्हता. हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सेटर आणि सेटरचा टूलमेकर कसा होतो, त्यासाठी काय यावे लागते आणि प्रत्येक पायरीला पगार किती वाढतो, हे आजवर शेठच्या मर्जीवर आणि माणसाच्या चिकाटीवर होते. आता तो तक्ता मराठीत आणि हिंदीत भिंतीवर लागला. हिंदीत, कारण शॉपमधील अनेकजण उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले आहेत.

शिकवणार कोण, यावर अडले. मामा कामात वाघ होते, पण शिकवण्यास नाखूष. दोन पोरे डाय सेट करायला शिकली तर आपली गरज काय, ही त्यांची भीती त्यांनी बोलून दाखवली नाही. ती त्यांच्या पत्नीकडून मालकीणबाईंना कळली. अनेक कारखान्यांत कौशल्यविकासाच्या योजना नेमक्या येथे बसकण मारतात आणि व्यवस्थापनाला वाटते की कामगारांना शिकण्याची आवड नाही. येथे मामांना शिकवण्याचा वेगळा भत्ता, निवृत्तीच्या वयापर्यंत कामाची लेखी हमी आणि त्यानंतर हवे असल्यास प्रशिक्षक म्हणून काम, असे तिन्ही दिले गेले. शिकवणी पाळीच्या वेळेत ठेवली. पाळीनंतर ठेवली असती तर दहा तास उभा राहिलेला माणूस आला नसता, किंवा आला असता आणि झोपला असता.

काम येत असून कागद नसलेल्या ऑपरेटरांसाठी पूर्वकौशल्याच्या मान्यतेची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. कारखाना सोडून गेला तरी हे प्रमाणपत्र माणसाबरोबर जाते, म्हणून काही लघुउद्योजक ते टाळतात. मालकीणबाईंनी हा धोका पत्करला. शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत मात्र त्या सावध राहिल्या. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या किमान २.५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे, कमाल मर्यादा १५ टक्के. त्यांनी औंधच्या शासकीय आयटीआयमधून तिघेच घेतले आणि त्यांना टूलरूममध्येच ठेवले. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात शिकाऊ उमेदवार हा स्वस्त ऑपरेटर म्हणून वापरला जाण्याचा प्रकार इतका रुळलेला आहे, की हा संयम नोंदवण्यासारखा वाटतो.

ज्याची कोणी तक्रार केली नव्हती

अपघात पाहिलेल्या चौघांपैकी दोघे त्यानंतर प्रेसवर बसायला कचरत होते. सुपरवायझरने त्याला कामचुकारपणा म्हटले. ते झोपेतून दचकून उठत होते हे खूप उशिरा समजले, तेही एकाने नोकरी सोडायची म्हटल्यावर. त्यांना काही महिने दुसऱ्या कामावर ठेवले, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक हजेरीच्या यंत्राशेजारी लावला. क्रमांक लावल्याने किती उपयोग झाला हे मोजता येण्यासारखे नाही. सुपरवायझरांना ‘कामचुकार’ हा शब्द वापरण्याआधी दोन प्रश्न विचारायला शिकवणे अधिक उपयोगी पडले, असे मामांचे म्हणणे आहे.

दुसरी बाब महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची. जून आणि डिसेंबरच्या पगारातून प्रत्येकाची छोटी वर्गणी कापली जात होती, परंतु तिच्यावर मुलांना शिष्यवृत्ती आणि इतर साहाय्य मिळते हे जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. अर्ज भरून घेण्याचे काम हिशेबनीसांकडे दिले गेले. तपासणी विभागातील महिलांनी या चर्चेत स्वच्छतागृह आणि पाळी सुटल्यावर मुख्य रस्त्यापर्यंत गाडी, या दोनच मागण्या केल्या. दोन्ही मान्य झाल्या. त्या इतक्या साध्या होत्या की त्या आधी कोणी विचारल्या नाहीत याचेच वाईट वाटते.

जे सुटलेले नाही

जुन्या कायम कामगारांपैकी काहींना ठेक्याच्या मुलांचे पटावर येणे अजून खटकते. वेतनवाढीचा वाटा विभागला गेला, असे ते म्हणतात, आणि आकड्यांत पाहिले तर त्यात तथ्य आहे. पॅकिंगचा ठेका कायम आहे. दोन मोठ्या प्रेसचे क्लच अजून बदललेले नाहीत, त्यावर फक्त पट्टीची कामे घेतली जातात.

अलीकडेच चाकणच्या त्याच ग्राहकाकडून नव्या मॉडेलच्या एका ब्रॅकेटची ऑर्डर आली. रक्कम चांगली होती, मुदत तीन आठवड्यांची. डायचे चित्र टूलरूममधून आले तेव्हा त्यावर गार्डची जागा कोरी होती, कारण तुकडा ठेवायची बाजू आणि माल काढायची बाजू एकच होती. मामांनी सही केली नाही. मालकीणबाईंनी ग्राहकाकडे आणखी दोन आठवडे मागितले आणि कारणही लेखी कळवले. ग्राहकाने निम्मी ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराला दिली, निम्मी येथे ठेवली. सरकत्या ट्रेचे काम सध्या टूलरूममध्ये चालू आहे आणि त्या ट्रेची मापे घेण्याचे काम मामांनी औशाच्या त्या मुलाकडे सोपवले आहे.